जवळचं टार्गेट, लांबचं टार्गेट

साडीच्या दुकानात बाई हौसेनं जाते, सराफाकडे माणूस मुहूर्त बघून जातो, हॉटेलाकडे तर भूक लागली की पाय आपोआप वळतात. चष्म्याच्या दुकानात मात्र स्वखुशीनं कोणी येत नाही. येतो तो एक तर स्वतःच्या चष्म्यावर बसून आलेला असतो, नाही तर पेपर धरायला हात पुरेनात म्हणून घरच्यांच्या टोमण्यांना कंटाळून आलेला असतो, नाही तर शाळेतून "फळ्यावरचं दिसत नाही" अशी चिठ्ठी आली म्हणून पोराला पुढे घालून आलेला असतो. आणि दारातून आत पाऊल टाकतानाच सांगतो, "घ्यायचं काही नाहीये हं, नुसता स्क्रू बसवून द्या."

स्क्रू फुकट बसवायचा असतो. नाकावरची पॅडं फुकट बदलायची असतात. वाकडी झालेली काडी सरळ करायची, काचा पुसून द्यायच्या आणि वर "आधी बरा होता हो, आता कानामागे टोचतोय" हेही ऐकून घ्यायचं. एवढं झालं की गिऱ्हाईक आरशात बघतं, भिंतीवरच्या फ्रेमा न्याहाळतं, एखादीची किंमत विचारतं, "बापरे!" म्हणतं आणि निघून जातं. असल्या धंद्यात विक्री वाढवायची म्हणजे नेमकं काय वाढवायचं?

डोंबिवली पूर्वेला, फडके रोडला फुटणाऱ्या एका गल्लीत असं एक दुकान आहे. त्यांचे जीएसटीचे कागद मी बघतो, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूच्या स्टुलावर माझी हक्काची जागा आहे. दुकानात माणसं चार. मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात. डोळे तपासणाऱ्या मॅडम. मागच्या खोलीत काचा घासून फ्रेमीत बसवणारे फिटरमामा. आणि काउंटरवरचा पोरगा, ज्याला गिऱ्हाइकाचा चेहरा बघून फ्रेम सुचते आणि मोबाइल बघून किंमत.

तपासणीची खोली दहा फुटांची. अक्षरांचा तक्ता वाचायला खरं तर वीस फूट लागतात. म्हणून तक्ता उलट्या अक्षरांत खुर्चीच्या मागे टांगलाय आणि समोर आरसा लावलाय. हॉलंडमधल्या स्नेलेन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८६२ साली तो तक्ता काढला, तेव्हा डोंबिवलीतले जागेचे भाव त्यांना कोणी कळवले नव्हते. दुकान उघडतं सकाळी दहाला, पण खरा धंदा सुरू होतो संध्याकाळी साडेसातनंतर. मुंबईहून आलेल्या लोकल एकामागून एक रिकाम्या होतात आणि गर्दीत कोणाच्या तरी कोपरानं वाकवलेले चष्मे घेऊन माणसं गल्लीत शिरतात. मध्य रेल्वेनं आजवर या दुकानाला जेवढा धंदा दिलाय, तेवढा कुठल्याच जाहिरातीनं दिलेला नाही.

सगळं बरं चाललं होतं. मग एके दिवशी काका मेळाव्याला गेले.

मेळावा एका काचा बनवणाऱ्या कंपनीनं घेतला होता. वातानुकूलित हॉल, कोट घातलेला वक्ता, दुपारी पनीर, निघताना फोल्डर आणि पेन. वक्त्यानं सांगितलं की छोटी स्वप्नं बघणं हा गुन्हा आहे. काकांनी आयुष्यात कधी सिग्नल तोडला नव्हता. आपण इतकी वर्षं गुन्हा करत होतो हे ऐकून ते हादरले आणि परत येताना एक मोठा पांढरा फळा घेऊनच आले. फळा भिंतीवर लागला, त्याच्यासाठी गॉगलांचा स्टँड हलवावा लागला, आणि दुसऱ्या दिवशी दिवाबत्ती झाल्यावर काकांनी त्याच्यावर लाल अक्षरांत लिहिलं: "दिवाळीपर्यंत दुप्पट!"

"कशाच्या दुप्पट?" मामांनी मागच्या खोलीतून डोकं बाहेर काढून विचारलं.

"विक्रीच्या."

"डोळे तेवढेच आहेत पण. माणशी दोन."

काकांनी दुर्लक्ष केलं. पोरग्यानं विचारलं, "दुप्पट म्हणजे रोजचे किती, काका?" काका माझ्याकडे बघायला लागले. मी आकडा काढून दिला. आकडा ऐकून पोरगा गॉगलांच्या स्टँडला टेकला.

टार्गेट ठरवणाऱ्यांना या धंद्याची एक अडचण ध्यानात येत नाही. नंबर पंचांग बघून वाढत नाही. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा पोरांची रांग लागते. मार्चमध्ये काही ऑफिसांत वैद्यकीय बिलं द्यायची शेवटची तारीख आली की नोकरदारांना एकदम धूसर दिसायला लागतं. बाकीचं वर्ष आपलं असंच, चष्म्यावर बसणाऱ्यांच्या भरवशावर. पितृपंधरवड्यात लोक सोनं घेत नाहीत, फ्रिज घेत नाहीत, पण चष्म्यावर बसायचे थांबत नाहीत, हीच काय ती जमेची बाजू. चाळिशी ओलांडली की जवळचं अंधुक व्हायला लागतं, हा निसर्गाचा नियम, आणि निसर्ग कुठल्या कंपनीच्या मेळाव्याला जात नाही.

पण लाल अक्षरं भिंतीवर होती. माणूस भिंतीवरच्या अक्षरांना भितो. त्यामुळे पुढचे काही दिवस त्या दुकानात स्क्रू बसवायला येणाऱ्या माणसाची अवस्था बघवत नव्हती.

एक आजोबा काडी सैल झाली म्हणून आले. पोरग्यानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "आजोबा, काचा बदलून टाका. ब्लू कट घ्या. मोबाइलच्या निळ्या प्रकाशापासून डोळ्यांना संरक्षण."

"माझ्याकडे बटणांचा फोन आहे. मुलगा करतो तेव्हाच वाजतो."

"मग टीव्ही?"

"रिमोट सूनबाईंकडे असतो. मी आवाज ऐकतो."

"तरी पण आजोबा, पुढचा विचार करून..."

"मी एक्क्याऐंशी वर्षांचा आहे," आजोबा म्हणाले. "तू काडीचं बघ."

निळ्या प्रकाशाचं हे प्रकरण म्हणजे विक्रीच्या तंत्रातला मोठा चमत्कार आहे. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेनं १७ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा अशा काचांनी संगणकावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही दिसलं नाही. पण फळ्याला चाचण्या वाचता येत नाहीत. फळ्याला फक्त बिल वाचता येतं.

मग पाळी आली मॅडमची. मॅडम ऑप्टोमेट्रीची पदवी घेतलेल्या, कामाला चोख, बोलायला कमी. काका त्यांच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, एखाद्याला पाव नंबर निघाला ना, तरी लिहून देत चला. तेवढीच एक फ्रेम."

"काका," मॅडम ट्रायल फ्रेम पुसत म्हणाल्या, "मी नंबर डोळ्यात बघून काढू की तुमच्या फळ्याकडे बघून?"

काका बाहेर आले ते थेट चहा सांगायलाच गेले.

पण काकांना हसण्यात अर्थ नाही. अमेरिकेत १९९२ साली सीअर्स या बड्या कंपनीच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या केंद्रांवर कॅलिफोर्निया सरकारनं आरोप ठेवला की गरज नसताना लोकांच्या माथी दुरुस्त्या मारल्या जातायत. तिथल्या कामगारांनाही कोटा आणि कमिशन होतं. माणसं मूळची लबाड नसतात. भिंतीवर आकडा टांगला की चांगल्या गाडीतही बिघाड दिसायला लागतो आणि चांगल्या डोळ्यात पाव नंबर. चार्ल्स गुडहार्ट हे बँक ऑफ इंग्लंडमधले अर्थतज्ज्ञ १९७५ साली चलनपुरवठ्याच्या संदर्भात जे बोलून गेले, त्याचा मथितार्थ पुढे जगभर प्रसिद्ध झाला तो हाच: एखादं माप हेच लक्ष्य केलं की ते मोजायच्या कामाचं उरत नाही.

कळस झाला तो प्रोग्रेसिव्ह काचेनं. बेंजामिन फ्रँकलिननं १७८४ साली आपल्या दुहेरी काचेच्या चष्म्याचं पत्रात कौतुक केलं, तेव्हापासून बायफोकलची रेघ माणसाच्या गालावर वय छापत आली. १९५९ साली फ्रान्समध्ये व्हॅरिलक्स नावाची प्रोग्रेसिव्ह काच आली आणि ती रेघ गेली. वर लांबचं, खाली जवळचं, मधे हळूहळू बदलत जाणारी अरुंद वाट. काच महाग, म्हणून फळ्याची लाडकी. पण ती वाट बुबुळासमोर नेमकी यावी लागते. गिऱ्हाइकाला फ्रेम घालायला लावायची, समोर डोळ्याला डोळा भिडवून बसायचं, नकली काचेवर पेनानं बुबुळाच्या जागी खूण करायची आणि खालच्या कडेपासून उंची मोजायची. इथं दोन-तीन मिलिमीटर इकडचे तिकडे झाले की संपलं.

आमच्या पोरग्यानं टार्गेटच्या भरात एका बँकेतल्या साहेबांची ही उंची उभ्याउभ्याच मोजली. फ्रेमच्या काडीवर आतून ५२, १८, १४० असे आकडे असतात. काचेची रुंदी, नाकावरचा पूल, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. कित्येक गिऱ्हाइकांना तो किमतीचा छुपा कोड वाटतो आणि ते ५२ ला १८ नं गुणून बघतात. पोरग्याला निदान अर्थ माहीत होता, पण मोजायला वेळ नव्हता. पाच दिवसांनी साहेब नवा चष्मा घालून गेले आणि दुसऱ्या दिवशी हातात धरून आले.

"स्टेशनचा पूल उतरत होतो," ते म्हणाले. "चौथी पायरी तिसरीच्या जागी होती. एका बाईंनी दंड धरला म्हणून वाचलो. आता त्या रोज 'कसं वाटतंय?' विचारतात."

काचा नव्यानं मागवाव्या लागल्या. याला दुकानात 'रीमेक' म्हणतात. विक्री एकदा, काचेचा खर्च दोनदा. महिनाअखेरीला मी कागद जुळवले तेव्हा विक्री थोडी वाढलेली होती, आणि काचांच्या कंपनीचं बिल त्याहून जास्त वाढलं होतं. टार्गेट दुप्पट कोणाचं झालं ते मेळावा घेणाऱ्यांना बरोबर कळलं असावं.

त्या रात्री शटर अर्धं ओढून चहाची बैठक बसली. काकांनी फोल्डर उघडलं. त्यात पाच कलमं होती, प्रत्येकाला एकेक इंग्रजी अक्षर, मिळून 'स्मार्ट'. लक्ष्य नेमकं असावं, मोजता यावं, साध्य असावं वगैरे. ही कलमं आता प्रत्येक फोल्डरमध्ये असतात. जॉर्ज डोरन नावाच्या गृहस्थांनी ती १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये एका व्यवस्थापनाच्या मासिकात दोन पानांत मांडली होती. त्यांच्या यादीत तिसऱ्या जागी 'साध्य' नव्हतंच. तिथं होतं: हे काम नक्की कोणी करायचं ते ठरवा. पुढे छापणाऱ्यांनी ते कलम बदललं. बरोबरच आहे, "कोणी करायचं" असं विचारलं की हॉलमध्ये शांतता पसरते. "साध्य आहे ना?" असं विचारलं की सगळे टाळ्या वाजवतात.

"आपलं साध्य ठेवू मग," काका म्हणाले. "दुप्पट नको. सव्वापाचच करू."

"सव्वापाच काय?"

"टक्के."

आता हेही खरं नव्हे. एडविन लॉक या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली दाखवून दिलं होतं की माणसाला "जमेल तेवढं कर" असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि जरा अवघड लक्ष्य दिलं तर तो जास्त काम करतो. तेव्हा लक्ष्य सोपं केलं म्हणजे झालं असं नाही. लक्ष्य ज्याच्या गळ्यात बांधायचं, त्याच्या हातात ते असायला हवं. विक्री पोरग्याच्या हातात नाही. ती गिऱ्हाइकाच्या खिशात आहे.

पोरग्यानं मात्र तोवर एक कल्पना काढली. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर गणपतीच्या देवळापर्यंत नटूनथटून आलेल्या पोरापोरींची ही गर्दी होते. तिथं गॉगलांचा स्टॉल टाकायचा.

"पहाटे?" मॅडम म्हणाल्या. "गॉगल?"

"फोटोसाठी घालतात, मॅडम."

मुद्दा बिनतोड होता. काका लिहूनच घेत होते. तेवढ्यात मामा उठले, काउंटरखालचा सगळ्यात शेवटचा खण ओढून काढला आणि तो चहाच्या कपांमधे आणून ठेवला.

खणात पाकिटं होती. प्रत्येक पाकिटात एक तयार चष्मा, वर नाव, तारीख, दिलेला अ‍ॅडव्हान्स आणि राहिलेली बाकी. लोक चष्मा करायला टाकतात आणि विसरतात. एक पाकीट मागच्या गणपतीचं होतं. एकावर फक्त "उंच गृहस्थ, घाईत" एवढंच लिहिलेलं होतं. मी बाकीच्या रकमांची बेरीज केली. आठवड्याच्या गल्ल्याहून जास्त निघाली.

"काका," मामा म्हणाले, "तुमचा लांबचा नंबर झीरो आहे. दिवाळी लख्ख दिसतीय. जवळचा अडीच झालाय. पायाजवळचा खण दिसत नाही."

मामा तीस वर्षं काचा घासतायत. त्यांना निदान करायला मशीन लागत नाही. काकांनी कपाळावर चढवलेला चष्मा नाकावर घेतला, खणात बघितलं आणि उठून फळा पुसला.

पुसलेल्या फळ्यावर या वेळी विक्रीचा आकडाच नव्हता. चार नावं होती आणि प्रत्येकापुढे एक काम. पोरग्यानं रोज रात्री शटर ओढायच्या आत, त्या दिवशी तयार झालेल्या प्रत्येक चष्म्यासाठी फोन करायचा, आणि जोडीला खणातल्या पाच जुन्या पाकिटांसाठीही. मॅडमनी प्रत्येकाला "दिवसभर काय करता?" हे विचारायचं आणि उत्तर कार्डावर लिहायचं. शिवाय नंबर असलेल्या लहान मुलांच्या आईवडलांना सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला बोलवायचं. पोरांचा नंबर वाढत असतो आणि पोरं सांगत नाहीत, मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर सरकतात. मामांनी काच मागवण्याआधी पोरग्याचं माप स्वतः तपासून सही करायची आणि महिन्याचे आठ रीमेक चारवर आणायचे. काकांच्या नावापुढे सगळ्यात अवघड काम लिहिलं गेलं, आणि ते मॅडमनी लिहिलं: "गिऱ्हाइकानं मागितल्याशिवाय सूट द्यायची नाही."

कारण काकांना ती सवय होती. गिऱ्हाईक पाकीट काढायला खिशात हात घालायचं आणि काकांच्या तोंडून आपोआप निघायचं, "तुम्हाला दहा टक्के कमी करू." गिऱ्हाईक रुमाल काढत असलं तरी.

अंमलबजावणी सुरू झाली. फोनचा पहिला दिवस वाईट गेला. पोरगा म्हणायचा, "नमस्कार, मी अमुक ऑप्टिशियनमधून बोलतोय..." आणि पलीकडून "कर्ज नकोय" म्हणून फोन बंद. मग त्यानं सुरुवात बदलली. "काकू, तुमची ती मरून फ्रेम तयार आहे" असं म्हटलं की काकू फोन ठेवत नसत. एका काकूंनी सांगितलं, "अहो, आमचे मिस्टर मागच्याच महिन्यात घेऊन आले." पाकीट तर खणात होतं. चौकशीअंती कळलं, मिस्टरांनी दुसऱ्याच बाईंचा चष्मा उचलून नेला होता आणि काकू महिनाभर तोच घालत होत्या. "तरीच म्हटलं पोळ्या गोल का येत नाहीत," असं म्हणत त्या येऊन आपला घेऊन गेल्या. पोळ्यांचं पुढे काय झालं याची नोंद कार्डावर नाही. उंच गृहस्थही सापडले. त्यांनी दरम्यान दुसरीकडून चष्मा केला होता, पण फोन आला म्हणून ओशाळून आले, बाकी दिली आणि बायकोला तपासायला घेऊन आले.

मॅडमच्या प्रश्नाची मजा वेगळीच. "दिवसभर काय करता?" असं डोंबिवलीत आजवर कोणी कोणाला विचारलं नव्हतं, कारण उत्तर ठरलेलं असतं: प्रवास. पण लोक बोलायला लागले. असेच एक निवृत्त गृहस्थ आले, रेल्वेत कारकून होते. तक्रार डोळ्यांची नव्हती, मानेची होती. मानेचे एक्स-रे काढून झाले होते, पट्टा लावून झाला होता. शेवटी कोणीतरी म्हणालं, चष्मा तपासा.

"दिवसभर काय करता?"

"काही नाही. संध्याकाळी भजनी मंडळात पेटी वाजवतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बसा बरं. वाजवून दाखवा."

गृहस्थ काउंटरवर दोन्ही हात ठेवून बसले, डाव्या हातानं नसलेला भाता ओढायला लागले. समोर वहीच्या जागी पोरग्यानं बिलबुक धरलं. आपोआप हनुवटी वर गेली, मान मागे. मॅडमनी शिंप्याची टेप डोळ्यापासून बिलबुकापर्यंत धरली. पासष्ट सेंटिमीटर. बायफोकलची खालची काच हातातल्या पुस्तकासाठी, म्हणजे साधारण चाळीस सेंटिमीटरसाठी असते. वरची काच लांबच्यासाठी. वही दोन्हींच्या मधे अधांतरी. म्हणून हे गृहस्थ रोज दोन तास मान मागे टाकून खालच्या काचेतून अभंग शोधत होते, आणि पट्टा मानेला लागला होता.

उपाय साधा होता. फक्त त्या अंतराचा एक वेगळा, साध्या काचेचा, स्वस्तातला चष्मा. 'दुसरा चष्मा घ्या' हे वाक्य त्या दिवशी कोणी उच्चारलंच नाही, आणि दुसरा चष्मा विकला गेला. पुढच्या गुरुवारी सगळं भजनी मंडळ दुकानात. तबलजीला वही बघायचीच नसते, तरी त्यालाही "पेटीवाल्यांसारखा" हवा होता. मॅडमनी त्याला नाही म्हणून सांगितलं. तो नाराज होऊन गेला आणि आईला घेऊन आला. आईला खरंच नंबर होता.

काकांची तपश्चर्या मात्र बघण्यासारखी होती. पहिल्या दिवशी एका बाईंनी पूर्ण बिल निमूट दिलं. सूट मागितलीच नाही. काकांना इतकं अवघडल्यासारखं झालं की त्यांनी दोन डब्या, तीन कापडं आणि काचा पुसायच्या लिक्विडची बाटली त्यांच्या पिशवीत कोंबली. हळूहळू सुधारले. आता काकांनी तोंड उघडलं की पोरगा खोकतो.

खोकण्याचं कारण आहे. पूर्वी कमिशन ज्यानं विकलं त्याला मिळायचं, आणि विकलं कोणी यावर रोज मामला पेटायचा. फ्रेम पोरग्यानं दाखवली, गरज मॅडमनी ओळखली, काच मामांनी बसवली, आणि काका म्हणायचे, दुकान कोणाचं? आता चारही कामं पुरी झाली तरच चौघांना बक्षीस, सारखं वाटून. एकाचं हुकलं तर कोणालाच नाही. त्यामुळे पोरगा काकांवर लक्ष ठेवतो, मामा पोरग्याच्या मापावर, मॅडम मामांच्या सहीवर. याला मेळाव्यात संघभावना म्हणतात. आपल्याकडे याला चारचौघांचा धाक म्हणतात, आणि तो जास्त चालतो.

दिवाळीला मी कागद मांडले. विक्री दुप्पट झाली नव्हती. सव्वापट झाली होती. रीमेक आठावरून तीनवर आले होते, त्यामुळे हातात राहणारा पैसा त्याहून जास्त वाढला होता. खणात चार पाकिटं उरली होती. पहाटेच्या गॉगलांपैकी सात विकले गेले, त्यातला एक काकांनी सूट देऊन, कारण पोरगा तेव्हा स्वतःचा फोटो काढून घेत होता.

तेव्हा दुकानदारहो, फळा जरूर लावा. पण त्याच्यावर विक्रीचा आकडा लिहू नका. तो आमच्यासारख्या हिशोबवाल्यांसाठी ठेवा, महिनाअखेरीला तो न विचारता कळतो. फळ्यावर असंच काम लिहा जे आज शटर ओढायच्या आत झालं की नाही ते हो किंवा नाही मध्ये सांगता येईल, आणि त्याच्यापुढे एकाच माणसाचं नाव लिहा, जमलं तर स्वतःच्या नावापासून सुरुवात करा. आणि वाचकहो, तुमचा एखादा चष्मा कुठल्या दुकानात तयार होऊन पडला असेल तर आजच जाऊन घेऊन या. बाकी द्या. सूट मागायची असेल तर मागा, पण पोरगा खोकला तर समजून घ्या.